दाजींची किल्ली आणि ताईची तिकिटं

आमचे दाजी कुलूपवाले. दुकानात दाजींशिवाय एकच माणूस उभा राहू शकतो, तोही पोट आत घेतलं तर. बाकी भिंतभर कोऱ्या किल्ल्या आणि एक जुना संगणक. स्वभाव असा संशयी की आरशातल्या माणसालासुद्धा ओळखपत्र मागतील. घराचं कुलूप मन येईल तेव्हा बदलतात, आणि बदललं की जुनी किल्ली त्याच दिवशी कानशीने घासून सपाट करतात. माझी बहीण या माणसाबरोबर आनंदाने संसार करते, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

संगणकावर त्यांनी लिनक्स बसवून घेतलं, का तर त्याचं पोट, म्हणजे आतला प्रोग्रॅम, कुणालाही उघडून बघता येतं. दाजींना त्यातलं ओ की ठो कळत नाही.

"कळायचं काय त्यात, मेहुणे? बघता येतं ना, मग झालं. आतलं दाखवत नाहीत ते कुलूप मी दुकानात ठेवत नाही."

पुढे पासवर्ड डोक्यात मावेनात, तेव्हा ते सगळे एका जागी सांभाळणारा पासवर्ड मॅनेजर शोधणं आलं. मुलीला स्थळं बघावीत तशी यांनी मॅनेजरांची चौकशी मांडली, आणि वाचून दाखवायला मला धरलं. पहिला म्हणाला, तुमचे पासवर्ड आमच्याकडे ठेवू. "म्हणजे माझा गल्ला शेजाऱ्याच्या कपाटात? नापास!" दुसरा म्हणाला, मुख्य पासवर्ड विसरलात तर आम्ही मदत करू. दाजी खुर्चीतून उठलेच. "म्हणजे याच्याकडे दुसरी किल्ली आहे! चोर आहे हा!" तिसऱ्याचा सगळा मामला उघडा, पासवर्ड आपल्याच संगणकावर कुलूपबंद, आणि विसरलात तर देवही उघडू शकणार नाही अशी सरळ धमकी. दाजींचे डोळे पाणावले. "हा आपला माणूस," ते म्हणाले.

मुख्य पासवर्ड त्यांनी घराच्या किल्लीवरून केला. किल्लीची पहिली खाच म्हणजे कीबोर्डवरचं डावीकडचं पहिलं अक्षर, दुसरी म्हणजे त्याच्या शेजारचं. खाच उथळ असली तर वरची ओळ, खोल असली तर खालची. किल्लीच्या टोकाला पोचलं की उलटं परत यायचं. रोज किल्ली समोर धरून ते एका बोटाने पासवर्ड टाकत. पाठ करायचा नाही, कारण झोपेत बडबडलं तर काय घ्या!

मग भाचीला मुलगी झाली. भाची दूरच्या शहरात. ताईने दुपटी शिवली, बॅगा भरल्या, नातीला बघायला तिचा जीव नुसता वरखाली होत होता. गाडी संध्याकाळची. भाचीने तिकिटं दाजींच्या मेलवर पाठवलेली, आणि मेलचा पासवर्ड त्या मॅनेजरमध्ये.

प्रवासाला निघायचं म्हणून दाजींनी सकाळीच घराचं कुलूप बदललं. घाईत पासवर्ड बदलायचा विसरून जुन्या किल्ल्या, ताईचीसुद्धा, घासून टाकल्या. आणि दुपारी दुकानात संगणकासमोर बसल्यावर त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"मेलवाल्यांनाच सांगू ना, पासवर्ड विसरलो म्हणून," मी म्हणालो.

"ते मागचं दार मी कधीच बंद करून घेतलंय," दाजी खोल आवाजात म्हणाले.

मला इतका राग आला की मी पोट आत घ्यायचं विसरलो आणि खिळ्यावरच्या किल्ल्या खळाखळा खाली आल्या. ताई बॅगा घेऊन दारात उभी होती. ती बाजूला जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलली, परत आली आणि दारातच स्टूल ओढून बसली.

दाजींनी सकाळी काढलेलं कुलूप पुढ्यात घेतलं. एक कोरी किल्ली त्यात घातली, जराशी पिळली, बाहेर काढून तिच्यावर उमटलेले बारीक ओरखडे बघितले, ओरखडा असेल तिथे कानशीचा एक हात मारला, पुन्हा घातली. पुन्हा पिळली, पुन्हा घासली. कपाळावर घाम, जीभ ओठाबाहेर. गाडी जवळ येत होती आणि माझं पित्त खवळत होतं. ताई हनुवटीला हात लावून टक लावून बघत होती.

शेवटी कुलूप खट्‌कन फिरलं. दाजींनी ती जुनीसारखी बनवलेली किल्ली समोर धरली, एका बोटाने पासवर्ड टाकला आणि मॅनेजर उघडला. तिकिटं मिळाली! मी आरडाओरडा केला, दाजींनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, आणि आम्ही बॅगांसकट टॅक्सीत कोंबले गेलो.

टॅक्सीत ताईने स्वतःचा फोन काढून माझ्यापुढे धरला. त्यात तीच तिकिटं. दुपारी तिने भाचीला फोन केला, तेव्हाच भाचीने पुन्हा पाठवली होती.

"मग बोलली का नाहीस?" मी जवळजवळ किंचाळलो. "माझा जीव जायची वेळ आली होती!"

"लग्न झाल्यापासून हे लोकांची दारं उघडायला धावतायत," ताई म्हणाली. "पानावरून उठून, आजारपणातून उठून. माझ्यासाठी काही उघडताना मी कधी बघितलंच नव्हतं रे. म्हटलं, बघू दे एकदा."

दाजींनी खिशातून ती किल्ली काढून तिच्या खाचांवरून अंगठा फिरवला. मग घसा खाकरून म्हणाले, "आधी सांगायचं ना. जरा सावकाश घासली असती."