आजोबांचा आ

माझे बाबा सुतार. दार बसवताना खिळे ओठांत धरायची सवय, त्यामुळे तोंडात तंबाखू असली तरी बाहेरच्याला पत्ता लागत नाही. मला लागतो. काही विचारलं की नुसतं "हं" म्हणतात आणि ओठांत एकही खिळा नसतो.

आईनं जन्मभर सांगितलं. ती गेल्यावर मी सांगायला लागले. पालथ्या घड्यावर पाणी. दातांचे डॉक्टर म्हणाले, तीन बोटं उभी करून तोंडात घाला. दोनच गेली. "माझी बोटं जाड आहेत," बाबा म्हणाले. डॉक्टर हसले नाहीत. सुपारी-तंबाखूनं गाल आतून आखडत चाललेत, थांबला नाहीत तर पुढे कॅन्सरही होऊ शकतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाबांनी मान डोलावली आणि जिना उतरताच पुडी फोडली. अशा माणसाचं काय करायचं?

मी पुड्या शोधून फेकत राहिले. रंध्याच्या पेटीत, सरसाच्या डब्यात, एकदा चक्क माझ्या जुन्या बुटात. "झुरळं येत नाहीत त्यानं," म्हणे.

मी कामावर गेले की माझ्या मुलीला बाबाच भरवतात. मध्यंतरी ती नीट तोंडच उघडेना. अर्धा घास अंगावर. सुट्टीच्या दिवशी मी समोर बसून पाहिलं. बाबांनी चमचा पुढे केला, "आ कर" म्हणाले आणि भरवताना सगळेच करतात तसा स्वतःही आ केला. चमच्याच्या टोकाएवढा. तिनंही अगदी तेवढाच केला.

मी चमचा घेतला आणि मोठ्ठा आ केला. तिनं पार पडजीभ दिसेपर्यंत तोंड उघडलं.

"म्हणजे माझं बघून करत होती," बाबा म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच सरसाचा डबा आतल्या पुड्यांसकट माझ्यापुढे आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, सोडायचा एक दिवस ठरवा, जवळ काही ठेवू नका, सोबतच्यांना सांगून टाका, तलफ आली की पाणी प्या आणि हात कामात घाला, थोड्या वेळानं ती ओसरते. ऐकायला सोपं. पहिले काही दिवस बाबांनी घर डोक्यावर घेतलं. भाजीत मीठ जास्त, पंखा हळू, माझं चालणं मोठ्यानं. एकदा सोबत्याकडून चिमूटभर घेतलीच. मी यथेच्छ तोंडसुख घेतलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं, पुन्हा सोडा.

तोंड ताणायला त्यांनी लाकडी पट्ट्या दिल्या. बाबांना त्या पसंत पडल्या नाहीत. "कडा बघ, कुणी केल्यात या," म्हणत घासून गुळगुळीत केल्या, मगच तोंडात घातल्या. आखडलेलं सगळं सुटेलच असं नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलंय.

आता जेवताना मुलगी त्यांच्या मांडीवर बसते, त्यांचा खालचा ओठ धरून ओढते आणि म्हणते, "आजोबा, आ." ज्यांनी आईचं ऐकलं नाही, माझं ऐकलं नाही, ते निमूट तोंड उघडतात. जेवढं उघडतं तेवढं.