आप्पाजीची बोटं

पहिल्या डोसच्या दिवशी हॉस्पिटलच्या डे-केअरमध्ये आप्पाजीच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. नर्सनं छातीपाशी कातडीखाली बसवलेल्या पोर्टमध्ये सुई लावली, बाटली टांगली आणि ती पुढच्या पेशंटकडे वळली. तेवढ्यात त्याला तपकिरीचा वास आला. निपाणीकडची, उग्र, नाकाला झोंबणारी तपकीर. त्यानं मान वळवून बघितलं. खुर्चीवर कुणीच नव्हतं. पण वास कुणाचा, हे त्याला विचारावं लागलं नाही.

थोरला भाऊ रघुजी, सगळ्यांचा रघुअण्णा, जन्मभर तीच तपकीर ओढायचा. चार वर्षांपूर्वी याच आजारानं, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं तो गेला. त्याचेही डोस याच हॉलमध्ये झाले होते.

दोघं भाऊ निपाणीजवळच्या एका खेड्यातून बेंगळुरूला आलेले. आधी अण्णा आला, मग त्यानं आप्पाजीला बोलावून घेतलं. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत साचे बनवणाऱ्या एका छोट्या टूलरूममध्ये दोघांची टेबलं शेजारी शेजारी होती. घरी मराठी, कामावर कन्नड, अशी आप्पाजीची एकतीस वर्षं तिथं गेली. ग्राइंडिंग झालेल्या पोलादावरून डोळे मिटून बोट फिरवायचं आणि कुठं किती उंचवटा राहिलाय ते सांगायचं, ही विद्या त्याला अण्णानंच शिकवली होती. "अजून दहा मायक्रॉन उतरायला पाहिजेत," असं आप्पाजी म्हणायचा, आणि गेज लावून बघितलं तर तेवढंच निघायचं. नवे इंजिनीअर हसायचे, मग हसायचे थांबायचे.

अण्णाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी त्याला बारा डोस सांगितले होते. त्यानं चार घेतले आणि जायचं बंद केलं. घरी म्हणाला, डॉक्टरच बस म्हणालेत. कुणी खोलात शिरलं नाही. वर्षभरात आजार यकृतात पोचला. शेवटी शेवटी आप्पाजी भेटायला गेला, तेव्हा अण्णानं त्याचं मनगट धरलं होतं. "मी अर्धवट सोडलं रे," एवढंच तो बोलला. आठवड्यानं गेला.

आता आप्पाजीला तेच दुखणं, तेच ऑपरेशन, तेच बारा डोस. त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. काहीही होवो, आपण बाराच्या बारा घ्यायचे.

डॉक्टर दिव्यश्री वयानं त्याच्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसतील. पण त्यांनी सुरुवातीलाच त्याला आणि चंपाला, त्याच्या बायकोला, समोर बसवून कन्नडमध्ये शांतपणे सगळं सांगितलं होतं. औषधाचं नाव ऑक्सॅलिप्लॅटिन. त्यात प्लॅटिनम असतं.

"दागिन्यातलं?" चंपानं विचारलं.

"तोच धातू. पेशीच्या आत तिच्या सगळ्या माहितीची दोन पदरी लांब दोरी असते. पेशीला आपली नक्कल काढायची असेल तर ते दोन पदर सुटे व्हावे लागतात. हे औषध तिथं गाठ मारतं. पदर सुटत नाहीत, नक्कल होत नाही, पेशी मरते."

"म्हणजे लीडस्क्रूच्या आट्यांत वेल्डिंगचा थेंब पडला," आप्पाजी म्हणाला. "नट पुढं सरकणार नाही."

डॉक्टरांना लीडस्क्रू काय ते माहीत नव्हतं. तरी त्यांनी मान हलवली. "पण औषधाला कॅन्सरची पेशी आणि तुमची चांगली पेशी यांतला फरक कळत नाही. जी भराभर वाढते ती त्याच्या तावडीत सापडते. म्हणून तोंड येतं, जुलाब होतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या कमी असताना ताप आला, शंभर पॉइंट चारच्या वर, तर घरी गोळी घेऊन झोपायचं नाही. दिवस असो, रात्र असो, सरळ इथं यायचं. आणि नसा. प्लॅटिनम नसांच्या मुळाशी साचत जातं. सगळ्यात लांब नसा बोटांपर्यंत जातात, म्हणून त्रास तिथं आधी."

मग त्यांनी थंडीचं सांगितलं. डोसनंतर चार-पाच दिवस गार पाणी नको, फ्रिजला हात नको, गार धातूला हात नको. गारव्यानं येणाऱ्या मुंग्या ओसरतात. "पण पुढच्या डोसपर्यंत त्या गेल्याच नाहीत, बटण लावताना बोटं अडली, तर मला सांगायचं. मी डोस कमी करू शकते. ते एक औषध थांबवून बाकीचं चालू ठेवू शकते. पण तुमच्या बोटांत काय होतंय ते मला कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही. ते तुम्हीच सांगायचं."

"सरी, बरं डॉक्टर," आप्पाजी म्हणाला. 'थांबवू शकते' हा शब्द मात्र त्याच्या छातीत रुतून बसला.

दर पंधरा दिवसांनी दोन तास बाटली. मग दुसऱ्या औषधाचा छोटा पंप कमरेला लटकवून घरी, आणि दोन दिवसांनी तो काढायला परत. दुसऱ्या आठवड्यात अंगात जोर आला की तो कामावर जायचा. पहिल्या डोसनंतर त्यानं विसरून नळाखाली हात धरला, तर पाण्यातून करंट आल्यासारखा झटका बसला. जानेवारीतली सकाळ होती. बादलीची कडी, गेटची कडी, जिन्याचा कठडा, सगळं घरच चावायला उठल्यासारखं झालं. चंपानं त्याला लोकरीचे हातमोजे आणून दिले. पाचव्या दिवशी मुंग्या गेल्या.

दुसऱ्या डोसला तपकिरीचा वास पुन्हा आला. तिसऱ्याला अण्णाचा खाकरण्याचा आवाज आला, अगदी कानाशी. शेजारच्या खुर्चीत एक म्हातारी डोळे मिटून पडली होती. ती काही खाकरली नव्हती. आप्पाजीनं हे कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांना सांगावं असं ते नव्हतं आणि चंपाला सांगितलं असतं तर तिनं काळजी केली असती. हळूहळू तो त्या खुर्चीकडे न बघता बसायला शिकला. अण्णा बसलाय, मोजतोय, असं त्याला वाटायचं. चार झाले. पाच झाले. तू माझ्या पुढं गेलास.

सहाव्यानंतर मुंग्या गेल्या नाहीत.

आधी नुसती बोटांची टोकं. बोटांना पातळ कागद चिकटवल्यासारखं वाटायचं. सातव्यानंतर कागदाचा पुठ्ठा झाला. टूलरूममध्ये गेज ब्लॉक, मापाचा पोलादी ठोकळा, हातातून निसटला आणि खणकन जमिनीवर पडला. एकतीस वर्षांत त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. शर्टाची बटणं लागेनात, तेव्हा तो टी-शर्ट घालायला लागला. "पोर्टवर मऊ लागतो," असं चंपाला सांगितलं.

डे-केअरमधली नर्स धनलक्ष्मी चिकोडीची. मराठी ऐकलं की तिलाही बरं वाटायचं. प्रत्येक डोसच्या आधी ती विचारायची, "काका, हातापायांना मुंग्या? बटणं लागतात न्हवं?"

"लागतात की."

"नक्की? स्वल्प मूठ आवळून दाखवा बघू."

तो मूठ आवळायचा. मूठ आवळायला कुठं बोटांची टोकं लागतात? ती वहीत टिक करायची. दिव्यश्रीही विचारायच्या, तोही तेच सांगायचा. खोटं बोलताना त्याचे कान तापायचे. पण खरं सांगितलं की या बाई औषध थांबवणार, आणि थांबवलं की अण्णासारखंच आपलं होणार. बोटं गेली तर गेली.

नवव्या डोसनंतरच्या आठवड्यात तो एका साच्याची कड तपासत होता. सवयीनं डोळे मिटलेले, बोट कडेवरून सावकाश फिरतंय. काहीच कळेना. त्यानं जरा दाबून फिरवलं. तरी काही नाही. खिडकीबाहेरच्या हवेवरून हात फिरवावा तसं.

"आप्पाजी! रक्त!" पलीकडच्या मशीनवरचा मोहनकुमार ओरडला.

त्यानं डोळे उघडले. साच्यावर लांबट लाल रेघ होती आणि तिच्या टोकाशी त्याचं बोट. धारेनं ते पेराच्या वर उभं चिरलं होतं. त्याला काहीच दुखत नव्हतं. तो नुसता बघत राहिला, कुणा दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसा. आणि तेव्हा, भर दुपारी, कॉम्प्रेसरच्या आवाजात, त्याला वाटलं की आपल्या पाठीशी उभं राहून अण्णाही तेच बघतोय.

मोहनकुमारनं पट्टी बांधली आणि चंपाला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली, आणि तो तोंड उघडायच्या आतच बोलली. "यांना बटणं लागत नाहीत. महिना झाला मी बघतेय. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

दिव्यश्रींनी टेबलावर एक नाणं, एक किल्ली आणि एक पिन ठेवली. डोळे मिटून ओळखा म्हणाल्या. आप्पाजीनं तिन्ही चाचपली. त्याला तिन्ही सारखीच वाटली.

"कधीपासून?"

"सहाव्यापासून."

"मी दर वेळी विचारलं होतं."

"हो."

"मग?"

"तुम्ही थांबवलं असतं. माझ्या भावानं अर्धवट सोडलं होतं."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. "तुमच्या भावाच्या नोंदी इथं आहेत. ते यायचेच थांबले," त्या म्हणाल्या. "मी हे एक औषध थांबवतेय. दुसरं पुढं चालू राहील, तपासण्या चालू राहतील. पुष्कळ पेशंटना बारा बाटल्या पुऱ्या होत नाहीत, आणि त्यातले पुष्कळ बरे राहतात."

"आधी सांगितलं असतं तर बोटं वाचली असती?"

"कदाचित. खात्रीनं नाही सांगता येत." त्या म्हणाल्या, "आणखी एक ऐका. औषध थांबल्यावरही काही महिने हे वाढू शकतं. घाबरू नका. पुढं कमी होतं, पण सगळं जाईलच असं नाही. गरम पाण्यात हात घालण्याआधी चंपाक्कांना बघू द्या. अनवाणी चालू नका."

तसंच झालं. मुंग्या तळपायांत उतरल्या. एकदा घरातल्या घरात चालताना त्यानं खाली बघितलं, तर एक चप्पल दारातच राहिली होती आणि त्याला पत्ता नव्हता. बाकीचे तीन डोस दुसऱ्या औषधाचे झाले. पुढं स्कॅन झाला. काही दिसलं नाही. दर तीन महिन्यांनी या, डॉक्टर म्हणाल्या. टूलरूममध्ये त्याला तपासणीच्या खोलीत बसवलं, जिथं आकडे मशीनच दाखवतं.

अण्णा मात्र हटला नाही. हॉस्पिटल सुटलं तरी वास येत राहिला. बाजारात यायचा, जेवताना यायचा. शेवटी एका रविवारी आप्पाजी मुलीला, अनुषाला, घेऊन विमानतळाजवळच्या देवनहळ्ळीला वहिनीकडे, अण्णाच्या बायकोकडे, गेला. तुंगाबाई तिथं अण्णानं बांधलेल्या दोन खोल्यांत एकटी राहायची. डोक्यावरून विमान गेलं की ती बोलणं थांबवायची आणि आवाज गेल्यावर त्याच शब्दापासून पुढं बोलायची.

चहा झाला. आप्पाजीनं इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. "वहिनी, अण्णानं औषध का सोडलं?"

तुंगाबाईनं पदर सारखा केला. "चौथ्या बाटलीनंतर घरी आले आणि माठातलं पाणी प्याले. आणि एकदम गळा धरला. श्वास बंद झालाय असं खुणेनं सांगत होते. डोळे असे. मी पाठ चोळत बसले. थोड्या वेळानं सुटलं. मला म्हणाले, तुंगे, हे औषध मला मारणार. कुणाला सांगू नको, लोक भित्रा म्हणतील. परत गेले नाहीत."

गार पाण्यानं त्याचाही घसा एकदा तसाच आवळला होता, पहिल्याच महिन्यात. श्वास आत-बाहेर होत असतो, फक्त नसांना तसं वाटत नाही, असं धनलक्ष्मीनं त्याला समजावलं होतं. कोमट पाणी प्या, काका, जाईल. आणि ते गेलं होतं.

"डॉक्टरांना सांगितलं नाही त्यानं?"

"नाही."

"मी पण नाही सांगितलं," आप्पाजी म्हणाला, आणि हात पुढं केले. बोटांबद्दल सगळं सांगितलं. औषध थांबवतील म्हणून लपवलं, तेही.

तुंगाबाईनं त्याची बोटं आपल्या हातात घेतली. तिचा हात लागलेला त्याला दिसला. "दोघं भाऊ एका माळेचे मणी," ती म्हणाली. "त्यानं न सांगता सोडलं, तू न सांगता घेतलंस. तोंडं काय शिवली होती तुमची?"

मग ती उठली आणि आतून अण्णाची फाइल घेऊन आली. वरच हॉस्पिटलनं दिलेला एक चौघडी केलेला कागद होता, घडी न मोडलेला. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला कन्नड. अण्णा गावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. कन्नड फर्डं बोलायचा, पण वाचता त्याला येत नव्हतं, आणि हे त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं.

"काय लिहिलंय?" तुंगाबाईनं विचारलं.

अनुषानं घडी उलगडली. कन्नड वाचत, अडखळत, ती मराठीत सांगू लागली. "गार पाणी प्यायल्यावर घसा आवळल्यासारखं वाटेल. घाबरू नका. थोड्या वेळात ते जातं. कोमट पाणी प्या. पण झालं ते डॉक्टरांना सांगा, म्हणजे पुढची बाटली सावकाश देता येते. अंगावर पुरळ आलं, ओठ सुजले, खरंच धाप लागली, तर थांबू नका, ताबडतोब हॉस्पिटलला या."

विमान गेलं. तुंगाबाई आवाज ओसरेपर्यंत थांबली. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. अण्णाची खाट अजून तिथंच होती.

"पुन्हा वाच गं," ती म्हणाली. "आणि जरा मोठ्यानं. आत ऐकू जाऊ दे."

अनुषानं बापाकडे बघितलं. आप्पाजीनं मान हलवली. तिनं खुर्ची दाराकडे वळवून घेतली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.