आधीच विचारून ठेवलेला प्रश्न
रायपूरच्या ज्या सीए फर्ममध्ये मी नोकरी करते, तिथे एकदा एक परदेशी कंपनी हळदीच्या दुधाची पावडर घेऊन आली. विकायला नाही, प्रश्न विचारायला. पावडर औषध की पेय? औषध ठरली तर जीएसटी कमी, पेय ठरली तर जास्त. असा प्रश्न धंदा सुरू करण्याआधीच सरकारला विचारता येतो. मिळालेल्या उत्तराला अग्रिम निर्णय म्हणतात. तो फक्त त्या राज्यात आणि फक्त विचारणाऱ्यालाच लागू. म्हणून कंपनीने तोच प्रश्न तीन राज्यांत विचारला होता. जिथे पावडर औषध ठरेल, तिथे गोदाम.

आपल्याकडचा अर्ज मी लिहिला. त्यात खोकला, सांधेदुखी, निद्रानाश, सगळं घातलं. सुनावणीला वरिष्ठ अधिकाऱ्यांनी डबा हातात घेऊन फिरवला. मागे छापलं होतं, पाहुण्यांना थंडगार द्या.

"मेहमान बीमार हैं क्या?" त्यांनी शांतपणे विचारलं.

कंपनीचे साहेब हसले. गाडीत बसल्याबरोबर मात्र म्हणाले, अर्ज मागे घ्या. निर्णय यायच्या आत प्रश्नच परत गेला, 'व्यावसायिक फेरविचारामुळे'. शेजारच्या राज्यात पावडर औषध ठरली होती. गोदाम तिकडे गेलं.

हा किस्सा मी चौबे कॉलनीतल्या आमच्या घरी चहा पिताना सांगितला. बाबांचे पुरानी बस्तीतले एक मित्र आले होते, मी त्यांना काका म्हणते. पंडरीच्या कापड बाजारात त्यांचं साड्यांचं दुकान. सगळे हसले, काका हसले नाहीत.

"म्हणजे सरकारले आधीच विचारता येते?"

"हव, काका. पण तुम्ही कशाला…"

"मी शिवलेली नऊवारी विकून राहिलो. ती साडी की कपडे, मले समजत नाही. काहून नाही विचारायचं? मी का चोर आहो?"

मी खूप समजावलं. त्यांनी विचारलंच, अर्जही मलाच लिहायला लावला. सुनावणीत त्यांनी उत्साहाने सांगितलं, "नेसनी नहीं पड़ती साहब, पजामे जैसी चढ़ा लो." मी टेबलाखाली त्यांचा पाय दाबला, त्यांनी पाय बाजूला घेतला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, अर्ज मागे घेऊ."

"प्रश्न मी विचारला न. आता उत्तर न ऐकता पळून जाऊ?"

उत्तर आलं, तयार कपडा. महाग तयार कपड्यांना साडीपेक्षा जास्त कर, म्हणून महागड्या नऊवारींवर कर वाढला, दुकानांच्या अख्ख्या ओळीत एकट्या काकांचा. शेजारचा दुकानदार तीच नऊवारी साडी म्हणून विकत होता, कारण त्याने कुणाला काही विचारलंच नव्हतं. कंपनीला पळवाट मी काढून दिली होती आणि काकांना अडकवलंही मीच. कितीतरी दिवस मी पंडरीकडे फिरकले नाही.

मावसबहिणीच्या लग्नासाठी शेवटी जावं लागलं. काकांनी घडीची, न शिवलेली नऊवारी काढून दिली आणि बाजूच्या गाळ्याकडे बोट दाखवलं. तिथे दोन शिलाई मशीन मांडून काकू बसल्या होत्या.

"साडी माझी, शिलाई तुझ्या काकूची. बिलं वेगळी, दुकानं वेगळी."

"काका, हे तर कंपनीचं डोकं."

"नाही, तुझ्या काकूचं," ते म्हणाले. "तिनं कोणाले विचारलं नाही."