सिंकखालचा कप

दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहिते.

माझी स्नेहल स्कॉलरशिपवर फ्रान्सला गेलीय. सहा महिने फ्रेंच शिकायचं आणि तिथल्या एका कुटुंबात राहायचं. मी ठाण्याला धुणीभांडी करते, आज एका घरी कामावर असतानाच तिचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मागे त्या फ्रेंच कुटुंबातले सगळे टेबलावर हसत खात होते. ही एकटी ओट्याशी उभी राहून कॉफी पीत होती.

"तू का नाही बसलीस गं?"

"इथेच बरं वाटतं मला."

मग तिने कप धुतला आणि सिंकखाली ठेवला. बाकीचे कप वर, काचेच्या कपाटात.

"स्नेहल, खरं सांग."

"आई, दोनच महिने राहिलेत. ओरडू नकोस ना."

मला म्हणायचं होतं, आत्ताच्या आत्ता जाऊन तिथल्या कॉलेजच्या मॅडमना सांग. पण माझ्या हातात माझा चहाचा कप होता. कामवालीचा वेगळा, तोही सिंकखालचाच. एकवीस वर्षं झाली, मी कुठल्याच घरात तोंड उघडलेलं नाही. पोरगी लहानपणी माझ्यासोबत यायची, सगळं बघायची.

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

आता तिला बोल म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? तुम्हीच सांगा.