उडत्या म्हशीचा सिनेमा

चाललेल्या सिनेमाला बक्षिसं मिळतात, पडलेल्याला किस्से. आमच्या एकाच सिनेमाने जन्माला पुरतील इतके दिले. मी तेव्हा चेन्नईत असिस्टंट एडिटर होतो. डायरेक्टर राव सर, तंजावरकडचे मराठी. सिनेमात एक मुलगी गाते आणि तिची म्हैस उडते. बस्स, एवढीच स्टोरी, आणि वर सात गाणी!

उडायला कापडी म्हैस केली होती. शूटिंगला आणलेली खरी म्हैस तिला बघून जी चाटत सुटली, ती हलेचना. सर तमिळ ढंगात म्हणाले, "सरि, ठीक आहे, एक प्रेक्षक तर मिळाला!"

अण्णा नगरच्या थिएटरात सिनेमा लागला. गाणं सुरू झालं की पब्लिक कॉफीला बाहेर. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनवाला आम्हाला शोधत आला. म्हणाला, "सार, अजून दोन गाणी टाका की."

शेवटच्या गाण्यात बारा सेकंद आवाजच गायब होता. चूक माझी! पब्लिकने शिट्ट्या मारल्या. सर उठून गेले ते गेलेच, वीस वर्षं हा सिनेमा त्यांनी पाहिला नाही. मला एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

मग चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातल्या पोरांना मोबाइलवर हा सिनेमा सापडला आणि त्याचं वेडच पसरलं. टी. नगरच्या साडीच्या दुकानात सरांच्या बायकोपुढे सेल्समनने उडत्या म्हशीच्या काठाची साडी टाकली. त्या हौसेने घरी घेऊन आल्या. सर म्हणाले, "आधी धुऊन बघ. रंग जाईल."

गेल्या वर्षी सिनेमा परत लागला. जुन्या टेपवरून मी ते बारा सेकंद दुरुस्त केले आणि सरांना हातापाया पडून नेलं. एकदा त्यांनी तो धड बघावा, एवढंच मला हवं होतं.

थिएटर हाउसफुल्ल. ती जागा आली, तसं सगळं थिएटर गायला उभं राहिलं. आणि आला माझा दुरुस्त केलेला आवाज! लोक गप्पच झाले. मागून एक बाई तमिळमध्ये करवादली, "आमची गायची जागा कोणी खाल्ली?" त्या मुक्या बारा सेकंदांत ही मंडळी स्वतःच गात आली होती, हे मला तेव्हा कळलं.

 शेजारी पाहिलं तर सरांची खुर्ची रिकामी. म्हटलं, संपलं, परत गेले.

तेवढ्यात पडदा थांबला. गाणं पहिल्यापासून सुरू झालं. ती जागा आली आणि आवाज बंद! सगळं थिएटर गळा मोकळा करून गायला लागलं.

मी मागे वळून पाहिलं. ऑपरेटरच्या केबिनच्या काचेआड सर दोन्ही हातांनी ताल देत होते.