बॉयलर कुणी घालवला

सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी कॉव्हेंट्रीला आल्या आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांनी आमचा बॉयलर बंद करायला सुरुवात केली. सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्या की त्या स्वयंपाकघरात यायच्या, बॉयलरशेजारचा लाल दिव्याचा स्विच खट्कन बंद करायच्या आणि वर्गात पंखा चालू ठेवून गेलेल्या पोरीकडे बघावं तसं माझ्याकडे बघायच्या. त्यांनी तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं होतं. ती नजर काही निवृत्त झाली नव्हती.

मी वरच्या खोलीत ऑफिसचं काम करत बसायची. तासाभरात बोटं गार पडायची. खाली येऊन मी स्विच चालू करायचा, माझी पाठ वळली की त्यांनी बंद करायचा.

"अहो आई, हा नुसता गीझर नाही. रेडिएटरसुद्धा यावरच चालतात."

"काहून? आंघोळी झाल्या ना सगळ्यांच्या? दिवसभर गीझर चालू ठेवतं का कोणी?"

संध्याकाळी त्यांचा मुलगा घरी आला की त्याच्यासमोर पुन्हा तोच विषय. हिला कशाची किंमत नाही, हिच्या वरणाला चव नाही, हिचं कपाट म्हणजे बाजार. नवरा हसायचा. आईचं बोलणं तो मनावर घेत नसे, कारण ते त्याच्याबद्दल कधीच नसायचं.

जानेवारीच्या एका सकाळी बॉयलरने आचके दिले, खालून थोडं तांबूस पाणी गळलं आणि तो थांबला. मी आनंदलेच. म्हटलं, आता सापडल्या. नवरा ऑफिसला गेला होता, म्हणून मीच ओळखीतून एक बॉयलरवाला शोधून बोलावला. एकटाच काम करणारा, पोट सुटलेला, सभ्य माणूस. सासूबाईंनी त्याला आल्याचा चहा दिला आणि हात पुसत दाराशी उभ्या राहिल्या.

त्याने पत्रा काढला, टॉर्च मारली. पाणी तापवणारा भाग आतून गंजून फुटला होता आणि त्या मॉडेलचे सुटे भाग मिळायचे कधीच बंद झाले होते. मी मुद्दाम विचारलं, रोज बंद-चालू केल्याने झालं का? तो हो म्हणेल अशी माझी फार इच्छा होती. त्याने नकारार्थी मान हलवली. कुणी काहीही केलं असतं तरी हा या हिवाळ्यात जाणारच होता, म्हणाला. मग चहाचा कप परत देताना सासूबाईंकडे बघून तो हसला. "ओल्ड एज, लव्ह. जस्ट ओल्ड एज."

येईल-जाईल तिला 'लव्ह' म्हणणारं त्याचं ते मिडलंड्सचं इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून गेलं. "काय म्हणाला तो?" त्यांनी मला विचारलं.

"सारखं बंद-चालू करून करून गेला म्हणाला."

इतकं सहज बोलले मी, की मलाच नवल वाटलं. सासूबाईंचा चेहरा उतरला. पदराने कप पुसायला लागल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात मी बरोबर होते.

नव्या बॉयलरसाठी सरकारी मदतीच्या योजना होत्या, पण आमच्या व्हिसावर तसली मदत घ्यायला बंदी. एका मोठ्या कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन सगळं बदलून द्यायला तयार होता, पण त्याने सांगितलेला आकडा ऐकून नवरा खुर्चीत बसला. आमचा तो चहा पिऊन गेलेला बॉयलरवाला म्हणाला, रेडिएटर चांगले आहेत, धुऊन तेच वापरू. पाइप हलवायचे नाहीत, जुन्याच जागी नवा बॉयलर बसवू. निम्म्याहून कमी खर्च. फक्त दोन आठवडे थांबावं लागेल.

"आईला या थंडीत दोन आठवडे?" नवरा म्हणाला. "महागाचा घेऊन टाकू."

"नको रे बाबा," सासूबाई लगेच म्हणाल्या. "माझ्या हातून झालं ते. मला नाही वाजत थंडी."

तर माझ्या खोटेपणाने आम्हाला बॉयलर स्वस्तात पडला. घरात एकच विजेचा हीटर होता, तो त्यांनी स्वतः उचलून आमच्या खोलीत आणून ठेवला. मी ठेवू दिला. रोज सकाळी मी किटलीने पाणी तापवून बादली भरायची. पाचव्या दिवशी त्यांनी तीही नको म्हटलं. मग बाथरूमच्या दारातून आवाज यायचा, पहिला तांब्या अंगावर घेताना त्यांचा श्वास अडकायचा तो. मी ऐकायची आणि खाली जाऊन चहा टाकायची. तेवढ्या दिवसांत माझ्या वरणाला कुणी नाव ठेवलं नाही.

नवा बॉयलर आला, घर ऊबदार झालं, नवरा सगळ्यांना फोन करून किती स्वस्तात काम झालं ते सांगत सुटला. सासूबाई मात्र आता कशालाच हात लावेनात. दिवा लावायचा तरी विचारायच्या, "लावू का गं?" मला त्याचाही कंटाळा आला. आणि मग एक दिवस त्यांनी मुलाला सांगितलं, तिकीट अलीकडचं करून दे, मला घरी जायचंय. तो खूप समजावत होता. मी वर कामाला निघून गेले.

जायच्या आदल्या दुपारी मी त्यांची बॅग भरत होते. त्या पलंगाच्या कडेला बसून साड्यांच्या घड्या माझ्या हातात देत होत्या.

"एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "तो माणूस जाताना माझ्याकडे बघून ओल्ड एज म्हणाला होता. तेवढे दोन शब्द मला कळले. माझ्याबद्दलच म्हणाला ना?"

खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं. पण त्या एका वाक्यामागून दुसरं निघालं असतं, आणि ते संध्याकाळी नवऱ्यापर्यंत गेलं असतं.

"हो आई," मी म्हटलं.

"बरोबरच आहे त्याचं," म्हणाल्या, आणि पुढची साडी माझ्या हातात दिली.