चौथ्या दिवशी मरणारी बॅटरी

ढकलत आणलेली गाडी करंटमावशीच्या दुकानातून स्वतःच्या पायांनी घरी जाते, असा तीस वर्षांचा लौकिक होता. तो मातीत घालायचा चंगच एका निवृत्त ग्रंथपालांच्या तेवीस वर्षांच्या गाडीने बांधला होता. दोन महिन्यांपूर्वी मावशीनेच तिला नवीकोरी बॅटरी बसवली होती. ती दर चौथ्या दिवशी मरायची. शेवटी ग्रंथपालांची लेक वैतागली आणि तिने भंगारवाल्याला निरोप धाडला, चार वाजता येऊन घेऊन जा.

तीन वाजता ग्रंथपाल गाडी ढकलत, घामाघूम होऊन दारात उभे राहिले. "मावशी, एक तास आहे."

मावशीच्या अंगात वारं शिरलं. तिने हातातला पान्हा टाकला, दुकानातली भरलेली बॅटरी जोडली, इंजिन चालू केलं आणि मीटर लावला. चौदा व्होल्ट. चार्जिंग ठणठणीत. "येतंय ते नीट येतंय, सर. घरातलंच कुणीतरी चोरून खातंय."

मग तिने इंजिन बंद केलं, दारं लावली आणि बॅटरीच्या वाटेत मीटर घातला. झोपलेल्या गाडीला घोटभर करंट पुरतो. ही बया झोपेत बकाबका जेवत होती. आता एकेक फ्यूज काढायचा आणि आकडा कधी पडतो ते बघायचं. आकडा वाचायचं काम ग्रंथपालांकडे आलं. पण चाळीस वर्षं वाचनालयात गेलेली. ते आकडासुद्धा कुजबुजत सांगायचे. आत फ्यूजपाशी बसलेली मावशी दरवेळी "काय?" म्हणून खिडकीतून डोकं बाहेर काढायची.

नववा फ्यूज निघाला आणि ग्रंथपाल आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "पडला!"

त्या फ्यूजवर तीन संशयित होते: घड्याळ, छताचा दिवा आणि डिकीचा दिवा. पहिले दोघे पाच मिनिटांत निर्दोष सुटले. उरली डिकी. उघडली की दिवा लागतो, हे ठीकच. पण बंद केल्यावर विझतो का? बल्ब काढून किंवा फोन आत ठेवूनही ते कळलं असतं. पण मावशीला चोर रंगेहाथ हवा होता. चार वाजायला दहा मिनिटं असताना ती पाय मुडपून डिकीत शिरली आणि म्हणाली, "लावा झाकण."

ग्रंथपालांनी लावलं. आत लख्ख उजेड. दिवा विझवणारं बटण झाकणाने दाबायला हवं होतं, ते मोकळंच. झाकण बोटभर वर तरंगत होतं. मावशीला इतका आनंद झाला की तिने उठून बसायचा प्रयत्न केला आणि टेंगूळ आणलं.

बाहेर ग्रंथपाल किल्ली शोधत होते. ती डिकीच्या कुलुपालाच लटकत होती, आणि ते खिसे उलटे करत दुकानभर फिरत होते. तेवढ्यात लेक भंगारवाल्याला घेऊन पोचली. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि डिकीवर थाप मारून पत्रा जोखला.

"हात काढा," आतून आवाज आला. "गाडी विकायची नाही."

भंगारवाला तीन पावलं मागे सरला. उभ्या हयातीत त्याने शेकडो गाड्या तोडल्या होत्या. नकार देणारी ही पहिलीच.

लेकीने किल्ली फिरवली. मावशी बाहेर आली ती हातात लोकरीसारख्या मऊ, जाड फेल्टची पट्टी नाचवतच. "डिकीच्या कडेला ही कुणी चिकटवली?"

ग्रंथपाल बुटांकडे बघू लागले. झाकण धाडकन आपटायचं. तो आवाज त्यांना सोसवत नव्हता.

"बाबा," लेक कपाळावर हात मारून म्हणाली, "गाडीत कोण वाचत बसतं हो?"

मावशीने उरलेली पट्टी खरवडली आणि झाकण असं आपटलं की शेजारच्या शिंप्याचा टाका चुकला. लेकीने मीटरमध्ये डोकावून पाहिलं. आकडा तळाला गेला होता. तिने वडिलांकडे पाहिलं, मग भंगारवाल्याला हात जोडले.

पाचव्या दिवशी गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. आता रोज सकाळी ग्रंथपाल डिकी धाडकन आपटतात, आणि लगेच ओठांवर बोट ठेवून रिकाम्या गल्लीला गप्प करतात.